जीवविद्येचे कारखाने आणि घरांतील शिल्लक

आपल्या घरांतील शिल्लक आजवर तीन ठिकाणीं विसांवत आली आहे: सोन्यांत, जागेंत आणि बँकेंतील ठेवींत. ह्या तिहींचा गुण एकच. मुद्दल डोळ्यांपुढें राहतें आणि रात्रीं झोंप लागते. परंतु गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतील तरुण पिढी शेअर-बाजाराकडे वळली आहे, आणि २०२० सालच्या कोरोनाच्या साथीपासून तर औषधें, लशी आणि जैवतंत्रज्ञान ह्यांच्या कंपन्यांचीं नांवें जेवणाच्या पंगतींतही ऐकूं येऊं लागलीं आहेत. ‘ह्या धंद्यांत पुढें मोठा उत्कर्ष आहे’ असें एक म्हणतो. ‘हा निवळ जुगार आहे’ असें दुसरा म्हणतो. आणि घरांतील वडील मंडळी दोघांकडेही संशयानें पाहतात. वस्तुतः दोघांच्याही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. तो किती आणि कोठें, हें समजून घेतल्यावांचून घरचा एक रुपयाही इकडे किंवा तिकडे जाऊं नये, म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

बाठा, कलम आणि मोहर

सूक्ष्म जंतु, बुरशी किंवा प्राण्यांच्या पेशी ह्यांच्याकडून मनुष्याला हवें तें द्रव्य करवून घेणें, ह्याचें नांव जैवतंत्रज्ञान. हा प्रकार आपल्या स्वयंपाकघराला अगदींच परका नाहीं. दुधाला विरजण लावणारी गृहिणी रोज रात्रीं जंतूंना कामाला लावीतच असते. फरक इतकाच कीं, ती त्यांच्या अंगच्या गुणांवर समाधान मानते. आजचा शास्त्रज्ञ मात्र त्यांच्या पेशींत परका जनुक घालून त्यांना पूर्वीं कधीं न येणारी विद्या शिकवितो. मधुमेहावरील इन्शुलिन पूर्वीं डुकरें व गाईबैल ह्यांच्या स्वादुपिंडांतून काढीत; १९८२ पासून मानवी जनुक घातलेल्या जंतूंनीं केलेलें इन्शुलिन बाजारांत येऊं लागलें.

असल्या कंपनीच्या आयुष्याच्या तीन अवस्था मानतां येतील, आणि आंब्याच्या बागेचा ज्यांना परिचय आहे त्यांना त्या चटकन समजतील. पहिली अवस्था बाठ्याची. प्रयोगशाळेंत एक कल्पना रुजत घातलेली असते. तिला पाणी घालणारे म्हणजे संस्थापकांचे आप्त, एखादें विद्यापीठ, किंवा केंद्र सरकारनें २०१२ सालीं स्थापन केलेल्या ‘बायरॅक’सारख्या संस्थेचें अनुदान. तिसरी अवस्था मोहरलेल्या झाडाची. पांचपन्नास औषधें विकणाऱ्या, दरसाल लाभांश वांटणाऱ्या जुन्या कंपन्या ह्या वर्गांत येतात. ह्या दोहोंच्या मधली जी वाढीची अवस्था, तिच्याविषयींच आपणांस येथें बोलावयाचें आहे. कलम धरलें आहे, पालवी फुटली आहे, परंतु मोहर अजून आलेला नाहीं किंवा नुकता कोठें डोकावूं लागला आहे. औषध सिद्ध झालें आहे, प्राण्यांवरील प्रयोग झाले आहेत, माणसांवरील चांचण्या चालू आहेत, कारखाना उभारावयाचा आहे. आणि पैशाची भूक सर्वांत मोठी ती ह्याच वेळीं असते.

कापडाची गिरणी अर्धवट राहिली तरी जागा उरते, यंत्रें उरतात. तीं विकून कांहीं वसूल होतें. अर्धवट राहिलेल्या औषधाचें मात्र मोडींतही मोल येत नाहीं. उरतात ते केवळ कागद. ह्या एका गोष्टीनें हा धंदा इतर धंद्यांहून निराळा झाला आहे.

मानवी चांचणीच्या पायऱ्या तीन. पहिलींत थोड्या निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन तें अपायकारक नाहीं ना, एवढेंच पाहतात. दुसरींत कांहीं शें रुग्णांवर त्याचा गुण येतो कीं नाहीं आणि मात्रा किती असावी हें ठरवितात. तिसरींत शेंकडों किंवा हजारों रुग्णांवर, दुसऱ्या औषधाशीं अथवा निव्वळ खोट्या गोळीशीं तुलना करून, शेवटची कसोटी घेतात. प्रयोगशाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंत पोंचण्यास दहा ते पंधरा वर्षें सहज लागतात. आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या दहा औषधांपैकीं साधारणपणें एकच शेवटीं परवान्याच्या दारापर्यंत जातें. बहुतेकांचा पाय घसरतो तो दुसऱ्या पायरीवर.

हैदराबादची एक लस

हें सर्व कसें घडतें त्याचें उत्तम उदाहरण आपल्या देशांतच आहे. १९९० च्या सुमारास हिपॅटायटिस-बी ह्या यकृताच्या रोगावरची लस परदेशांतून येई आणि तिच्या एका मात्रेला सातशें-आठशें रुपये पडत. मात्रा तीन घ्याव्या लागत. म्हणजे एका मुलामागें दोन हजारांहून अधिक खर्च. त्या काळीं मध्यम स्थितींतील नोकरदारालाही हा खर्च झेपण्याजोगा नव्हता. रोग तर असा कपटी कीं, प्रसूतीच्या वेळीं आईपासून बालकाला जडावा, वीसवीस वर्षें अंगांत मुकाट बसावा आणि मग यकृत सुकविण्याचें किंवा त्यांत कर्करोग उत्पन्न करण्याचें काम करावें.

हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी हे शिक्षणानें इंजिनियर; वैद्यकाशीं त्यांचा संबंध नव्हता. लस तयार करण्याची विद्या विकत मिळावी म्हणून त्यांनीं परदेशांत खटपट केली, पण नकार मिळाला. तेव्हां ती विद्या येथेंच सिद्ध करावयाची असा निश्चय करून १९९३ सालीं त्यांनीं आपल्या आईच्या नांवानें ‘शांता बायोटेक्निक्स’ ही कंपनी काढली. उस्मानिया विद्यापीठानें आणि पुढें हैदराबादच्याच पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रानें प्रयोगाला जागा दिली. काम असें कीं, रोगाच्या विषाणूच्या बाह्य कवचाचा तेवढा जनुक घेऊन तो पिचिया नांवाच्या यीस्टमध्यें बसवावयाचा आणि त्या यीस्टकडून कवचाचें द्रव्य तयार करवून घ्यावयाचें. तें टोंचलें असतां शरीर खऱ्या विषाणूला ओळखावयास शिकतें, आणि रोग मात्र होत नाहीं.

भांडवलासाठीं दारोदार फिरण्याची पाळी आली. पेढीवाल्यांचा प्रश्न एकच: तारण काय? इमारत नाहीं, यंत्रें नाहींत, उत्पन्न नाहीं. आहे तें यीस्टचें एक भांडें. पेढीच्या शास्त्राप्रमाणें त्यांचा नकार चुकीचा म्हणतां येत नाहीं. लोकांच्या ठेवींतून त्यांनीं ही जोखीम कां घ्यावी? परंतु मग ती कोणीं घ्यावयाची? ह्या प्रसंगीं मदत आली ती ओमानहून. त्या देशाचे परराष्ट्रमंत्री यूसुफ बिन अलावी ह्यांनीं कंपनींत मोठा हिस्सा घेतला आणि कर्ज मिळवून देण्यासही साहाय्य केलें. पुढें भारत सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळानेंही कर्ज दिलें. १९९७ च्या ऑगस्टांत ‘शानव्हॅक-बी’ ही लस बाजारांत आली, आणि तिची किंमत होती मात्रेला सुमारें पन्नास रुपये! दुसऱ्या देशी कंपन्याही चढाओढीला उतरल्या आणि किंमत आणखी खालीं आली. २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या लशीस मान्यता दिली, आणि गरीब देशांतील बालकांसाठीं होणाऱ्या आंतरराष्ट्रीय खरेदीचें दार उघडलें.

आतां पैशाच्या बाजूनें पहा. २००६ च्या अखेरीस फ्रान्सच्या मेर्यू घराण्याच्या कंपनीनें शांताचा शेंकडा साठ हिस्सा विकत घेतला. आणि २००९ सालीं सनोफी ह्या बलाढ्य फ्रेंच कंपनीनें तो आपल्याकडे घेतला, तेव्हां शांताचें मोल ५५ कोटि युरो, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें सुमारें पावणेचार हजार कोटि रुपये, ठरविण्यांत आलें. सोळा वर्षांपूर्वीं जिला तारण नव्हतें तिची ही किंमत!

परंतु कथा येथें संपत नाहीं. शांतानें पांच रोगांवरची एकत्र लस ‘शान-५’ ह्या नांवानें काढली होती आणि आंतरराष्ट्रीय पुरवठ्याचा मोठा करार मिळविला होता. २०१० सालीं कांहीं बाटल्यांच्या कांचेला पांढरा साका चिकटलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनें त्या लशीची मान्यता काढून घेतली, माल परत बोलवावा लागला, करार हातचा गेला. आणि नवी मान्यता मिळण्यास २०१४ साल उजाडलें. मोहरलेल्या झाडावरही एका रात्रींत तुडतुडे पडतात, तसेंच हें झालें.

ह्या एका कथेंत वाढीच्या अवस्थेंतील गुंतवणुकीचें सर्व शास्त्र सामावलेलें आहे. पैसा नसता तर लस झाली नसती, हें पहिलें. पैशाला फळ आलें तें सोळा वर्षांनीं, हें दुसरें. तें फळ ज्यांनीं आरंभीं हिंमत केली त्या थोड्यांच्याच पदरांत पडलें, हें तिसरें. कारण शांताचे शेअर सामान्य बाजारांत कधींच विकले गेले नव्हते, आणि तुमच्याआमच्या घरांतून ते घ्यावे म्हटलें तरी घेतां आले नसते. आणि शेवटच्या क्षणीं मोठी किंमत देऊन जो आंत शिरला, त्यालाच संकटाला तोंड द्यावें लागलें, हें चौथें.

अशा कथा आजही घडत आहेत, आणि एक तर आपल्या मुंबईंतच. पवईच्या आय.आय.टी.मधील संशोधनांतून ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी निघाली. रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांवर, रुग्णाच्याच संरक्षक पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखण्याचें शिक्षण देऊन परत त्याच्या देहांत सोडावयाच्या, असा तिचा उपचार. टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यानें त्याच्या चांचण्या झाल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्यास भारतांत परवाना मिळाला. अमेरिकेंत ह्या जातीच्या उपचाराला लागणाऱ्या खर्चाच्या सुमारें दहाव्या हिश्श्यांत तो येथें होतो असें सांगतात. परवान्यापूर्वीं दोन वर्षें, २०२१ सालीं, हैदराबादच्या लॉरस लॅब्स ह्या कंपनीनें सुमारें ४६ कोटि रुपये देऊन तींत चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला होता. वाढीच्या अवस्थेंतील भांडवल म्हणतात तें हेंच.

दहांतील एक

‘एकींत पैसे घालूं नयेत, दहांत वांटावे, मग एक तरी फळेल’ असें सर्रास सांगितलें जातें. सल्ला चांगला आहे, पण त्याच्या पोटांतील हिशेब कोणी करीत नाहीं. प्रत्येक कंपनीला यशाचा संभव दहांत एक असेल, तर दहाही कंपन्या बुडण्याचा संभव शून्य होत नाहीं. तो शेंकडा पस्तीस भरतो. म्हणजे अशी तीन घरें घेतलीं तर त्यांतील एकाच्या हातीं दहा ठिकाणीं वांटूनही कांहींच लागणार नाहीं.

बरें, एक फळली असें धरूं. प्रत्येकीं दहा हजारांप्रमाणें लाख रुपये घातले. नऊ बुडाल्या आणि दहावीनें दहा वर्षांनीं वीसपट दिले. वीसपट म्हटलें कीं डोळे दिपतात. परंतु हातीं आले दोन लाख. म्हणजे दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे दरसाल चक्रवाढीनें शेंकडा सात रुपयांहून किंचित् अधिक. बँकेंतील साधी ठेवही कित्येकदां इतकें देते, आणि तेंही निवांतपणें! म्हणून वीसपटीची एक कथा ऐकून भुलणाऱ्यानें बाकीच्या नऊ जणींची चौकशी आधीं करावी. त्या बोलत नाहींत. बुडालेल्यांना तोंड नसतें.

मुरलेल्या कंपन्यांनाही ही गणितें चुकत नाहींत. बंगळूरची बायोकॉन १९७८ सालीं किरण मजुमदार ह्यांनीं दहा हजार रुपयांच्या भांडवलावर काढली. आरंभीं ती पपईच्या चिकापासून पेपेन काढून विकी. एका तरुण स्त्रीला, आणि तेंही असल्या अनोळखी धंद्यासाठीं, कर्ज देण्यास बँका कचरत असत. २००४ सालीं कंपनीचे शेअर ३१५ रुपयांस लोकांपुढें आले आणि त्यांवर मागणीचा पाऊस पडला. मध्यें गेलेलीं सव्वीस वर्षें मात्र त्या उत्साहांत कोणी मोजलीं नाहींत. ह्याच कंपनीनें पोटांत घेण्याच्या इन्शुलिनवर पुष्कळ वर्षें परिश्रम केले. २०११ च्या आरंभीं तिसऱ्या पायरीवर तें औषध ठरविलेल्या कसोटीला उतरलें नाहीं. कंपनी तगली, कारण तिच्यापाशीं दुसरीं औषधें होतीं. ज्या लहान कंपनीपाशीं एकच औषध असतें, तिला असा एक निकाल पुरेसा होतो.

बाजाराचा ज्वर

शास्त्र आपल्या गतीनें चालतें. बाजार मात्र ज्वर आल्यासारखा धांवतो. अमेरिकेंतील जेनेनटेक ही ह्या धंद्याची आद्य कंपनी. १९७६ सालीं हर्बर्ट बॉयर हे शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वॉन्सन हे भांडवलाच्या व्यवहारांतील तरुण गृहस्थ ह्यांनीं ती काढली. १९८० च्या १४ ऑक्टोबरास तिचे शेअर ३५ डॉलरांस विकावयास निघाले. तासाभरांत भाव ८८ वर गेला आणि संध्याकाळीं ७१ वर बंद झाला. तिच्या विद्येनें तयार झालेलें इन्शुलिन बाजारांत येण्यास अद्याप दोन वर्षें होतीं. कंपनी पुढें खरोखरीच थोर झाली. २००९ सालीं रोश कंपनीनें उरलेला हिस्सा सुमारें ४७ अब्ज डॉलरांस घेतला. पण सकाळीं ३५ ला मिळालेल्याचें आणि तासाभरानें ८८ ला घेणाऱ्याचें भाग्य एक नव्हतें, जरी कंपनी एकच होती.

दुसरें उदाहरण अगदीं ताजें. मॉडर्ना कंपनीचे शेअर २०१८ च्या डिसेंबरांत २३ डॉलरांस निघाले आणि पहिल्याच दिवशीं पडले. कोरोनाची लस यशस्वी झाली, आणि २०२१ च्या ऑगस्टांत तोच शेअर साडेचारशें डॉलरांच्याही वर गेला. २०२४ सरतेवेळीं तो पन्नासाच्या खालीं होता. लस खरी होती, शास्त्र खरें होतें, जगावरील उपकारही खरे होते; तरीही शिखरावर घेणाऱ्याचें मुद्दल नऊ दशांश गेलें. चांगली कंपनी आणि चांगली खरेदी ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत.

ज्वर चढला कीं माणसें नांव वाचतात, मजकूर वाचीत नाहींत. एप्रिल २०२१ मध्यें प्राणवायूसाठीं देश व्याकुळ झाला असतां ‘बॉम्बे ऑक्सिजन’ ह्या नांवाच्या कंपनीचा भाव दुपटीच्याही वर गेला. त्या कंपनीनें वायु तयार करण्याचें काम २०१९ सालींच बंद केलें होतें, आणि ती केवळ गुंतवणुकीचा व्यवहार करीत होती! पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून नांवाजलेली. तिचे शेअर कोठें मिळतात म्हणून लोक विचारतात. ती पूनावाला कुटुंबाच्या मालकीची कंपनी आहे आणि तिचे शेअर बाजारांत विकले जात नाहींत. जो कोणी दूरध्वनीवरून असल्या कंपनीचे ‘आंतले’ शेअर देऊं करील, त्याला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवावें.

आणि कित्येकदां तर कलमच नसतें. मातींत कागदाचीं पानें रोंवलेलीं असतात. एलिझाबेथ होम्स ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणीनें २००३ सालीं ‘थेरानोस’ काढली. बोटांतून काढलेल्या थेंबभर रक्तावर कित्येक परीक्षा करतां येतात असा तिचा दावा. कंपनीचें मोल ९ अब्ज डॉलर मानलें गेलें; अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री तिच्या संचालकांत बसले; धनाढ्य कुटुंबांनीं कोट्यवधि डॉलर दिले. जीवविद्येंत मुरलेल्या भांडवलदारांचीं नांवें मात्र त्या यादींत फारशीं नव्हतीं, आणि दाव्याचा पुरावा शास्त्रीय मासिकांतून तज्ज्ञांपुढें ठेवण्यांत आला नव्हता. २०१५ सालीं एका वृत्तपत्रानें बिंग फोडलें, २०१८ सालीं कंपनी बंद झाली, आणि २०२२ सालीं होम्सबाई गुंतवणूकदारांना फसविल्याबद्दल दोषी ठरून अकरा वर्षांहून अधिक काळाच्या कारावासास पात्र झाल्या. संचालकांच्या पगड्या मोजणें ही परीक्षा नव्हे, हा ह्यांतील बोध.

पारखावें कसें

मग सामान्य वाचकानें पहावें तरी काय? शास्त्र पूर्णपणें कळलेंच पाहिजे असें नाहीं. कांहीं साधे प्रश्न विचारतां आले म्हणजे पुष्कळ झालें. शेअर विक्रीस काढणाऱ्या कंपनीला सेबीच्या नियमांप्रमाणें सविस्तर माहितीपत्रक प्रसिद्ध करावें लागतें. तें कंटाळवाणें असतें खरें. परंतु जोखमीचीं कारणें ज्या भागांत दिलेलीं असतात तेवढा तरी भाग घरांतील एकानें मोठ्यानें वाचावा आणि इतरांनीं ऐकावा.

पहिला प्रश्न: औषध कोणत्या पायरीवर आहे? ‘चांचण्या यशस्वी’ ह्या शब्दांवर न जातां, चांचणी पहिली कीं तिसरी, रुग्ण किती, तुलना कशाशीं, आणि निकाल तज्ज्ञांच्या मासिकांत आला आहे कीं नाहीं, हें पहावें. दुसरा: हातांतील रोकड किती महिने पुरेल? उत्पन्नावांचून खर्च चालू असलेल्या कंपनीचें आयुष्य नफ्यानें मोजावयाचें नसतें. तें थैलींतील पैशानें मोजावयाचें असतें.

तिसरा प्रश्न दुसऱ्यांतूनच निघतो. पैसा सरला कीं कंपनी नवे शेअर काढते. दहा हजार शेअरांपैकीं आपले शंभर असले तर आपला हिस्सा शंभरांत एक. आणखी दहा हजार निघाले कीं तोच दोनशेंत एक झाला. दुधांत पाणी घातलें म्हणजे तांब्या भरलेला दिसतो, पण साय तेवढीच राहते. असें पाणी किती वेळां पडलें आहे आणि किती वेळां पडणार, ह्याचा अंदाज घ्यावा.

चौथा: पेटंटाचें आयुष्य किती उरलें आहे? पेटंट अर्जाच्या दिवसापासून वीस वर्षांचें. त्यांतील बारा वर्षें चांचण्यांत गेलीं तर मक्तेदारीचीं आठच उरलीं. पांचवा: कारखान्याच्या स्वच्छतेविषयीं व शिस्तीविषयीं परीक्षकांचे शेरे काय आहेत? शान-५ ची आठवण येथें ठेवावी. आणि सहावा, जो बहुधा विसरला जातो: ह्या सर्व आशेची किंमत शेअरच्या आजच्या भावांत आधींच धरलेली नाहीं ना?

ज्यांना हे प्रश्न विचारण्यास सवड नाहीं, त्यांनीं एकेका कंपनीच्या मागें लागूं नये. आरोग्यक्षेत्राचे म्युच्युअल फंड आहेत. त्यांत अनेक कंपन्यांत पैसा वांटला जातो. मात्र त्यांचा भर मुख्यत्वें मोहरलेल्या झाडांवर असतो, कलमांवर नव्हे, हें ध्यानांत असावें. खास वाढीच्या अवस्थेंतील कंपन्यांसाठींही फंड आहेत. पण त्यांना लागू असणाऱ्या सेबीच्या २०१२ च्या नियमांत सामान्यतः कमींत कमी एक कोटि रुपये घालावे लागतात आणि ते वर्षानुवर्षें अडकून पडतात. तो मार्ग थोड्याच घरांसाठीं आहे.

पैसा कोणाचा?

आतां शेवटचा आणि आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा विचार. एकत्र कुटुंबांत हा प्रश्न केवळ नफ्यातोट्याचा नसतो. संध्याकाळीं पुतण्या चुलत्याजवळ येऊन बसतो आणि म्हणतो, ‘काका, दहा वर्षांत दसपट होतील म्हणतात.’ काका चष्मा काढून विचारतात, ‘म्हणतात कोण? आणि आपण घेतले तर त्यांत त्यांचें काय?’ हे दोन प्रश्न विचारावे इतकें तारतम्य वडील पिढीपाशीं असतें, आणि नव्या शास्त्राचा परिचय तरुण पिढीपाशीं. दोघांनीं एकमेकांस हंसण्यापेक्षां एकाच चटईवर बसून हिशेब मांडला तर घराचें कल्याण होईल.

अविभक्त कुटुंबाचा पैसा कर्त्याच्या हातांत असला तरी तो कर्त्याचा नसतो. २००५ च्या कायद्यानें मुलींनाही जन्मतः मुलांइतकाच हक्क दिला आहे. सासरीं गेलेल्या बहिणीचा, विधवा काकूंचा, अजून शाळेंत जाणाऱ्या नातवाचा ज्यांत वांटा किंवा आधार आहे, तो पैसा कलमाच्या बागेंत लावावयाचा असेल तर त्या सर्वांना ती गोष्ट, आणि तींतील धोका, आधीं समजावून सांगितली पाहिजे. घरांतील स्त्रिया ‘आम्हांला त्यांतलें काय कळतें’ असें म्हणतील. तें ऐकून थांबूं नये. विरजणाची गोष्ट ज्यांना कळते त्यांना जैवतंत्रज्ञानही कळेल, आणि महिन्याच्या खर्चाची तोंडमिळवणी ज्या करतात त्यांना जोखमीचा हिशेब पुरुषांहून लवकर कळतो.

रक्कम किती असावी ह्याला एक सोपा मापदंड सुचवावासा वाटतो. ती सबंध बुडाली तरी उरलेल्या ठेवीच्या एका वर्षाच्या व्याजांत भरून निघावी, इतकीच असावी. समजा, शिल्लक वीस लाखांची आहे. त्यांतील एक लाख घातले आणि गेले. उरलेल्या एकोणीस लाखांवर शेंकडा सात दरानें वर्षाला एक लाख तेहतीस हजार येतात. वर्षाच्या आंत जखम भरली. पण अर्धी शिल्लक घातली आणि ती गेली, तर उरलेल्या दहा लाखांचे पुन्हां वीस होण्यास त्याच दरानें दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि त्या दहा वर्षांत मुलींचीं शिक्षणें, वडिलांचीं आजारपणें आणि घराची डागडुजी थांबून राहत नाहींत. आजारपणासाठीं ठेवलेला, कर्ज फेडण्याचा, आणि निवृत्त माणसाच्या पोटापाण्याचा पैसा तर ह्या हिशेबांत धरूंच नये. जी रक्कम घातली तिची नोंद एका वहींत करावी: कोणती कंपनी, कोणत्या भावानें, कोणत्या कारणास्तव. पुढें भाव पडला असतां तें कारण अजून खरें आहे काय, एवढेंच पहावें. भावाकडे रोज सकाळीं पाहूं नये. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही घाई जिला चालणार नाहीं अशी एखादी वस्तु जगांत असेल तर ती औषधाची चांचणी होय.

असें असूनही ह्या धंद्याकडे पाठ फिरवावी असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. हैदराबादच्या त्या लशीसाठीं कोणीं तरी बिनतारणाचा पैसा दिला, म्हणून पन्नास रुपयांची मात्रा गरिबाच्या मुलाच्या दंडापर्यंत पोंचली. देशांतील सगळींच घरें ठेवीच्या पावत्या कवटाळून बसलीं तर पुढची लस, पुढचा उपचार दुसऱ्या देशांतील भांडवलावर होईल, आणि त्याची किंमतही तेच ठरवितील. घरांतील वीस भागांपैकीं एक भाग, समजून उमजून, सर्वांच्या संमतीनें आणि दहा वर्षें विसरण्याच्या तयारीनें, जर अशा कामीं लागला, तर तो गेला तरी घर मोडत नाहीं, आणि फळला तर त्याची गोडी केवळ पैशाचीच नसते. मात्र तो भाग विसावाच राहील ह्याची राखण घरांतील प्रत्येकानें केली पाहिजे.